परदेशात एक सेमिस्टर: मुलांना पाठवण्याआधी घरात काय ठरवावे

मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या आपल्या घरांना परदेश काही नवीन नाही. आपल्या कोकणी घरांत तर आजोबा जहाजावर, वडील गल्फमध्ये आणि मामू दक्षिण आफ्रिकेत असे चित्र सर्रास दिसते. पण ते जाणे कमाईसाठी होते. माणूस जायचा, पैसे पाठवायचा, दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा. आता पालक सभेत आम्हाला वेगळाच प्रश्न विचारला जातो. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजने सांगितले की पाच महिने जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये शिकून परत यायचे. पाठवावे का? तिथे ती खाणार काय, राहणार कोणाबरोबर? आणि इकडचे वर्ष वाया गेले तर?

प्रश्न रास्त आहेत. उत्तर देणारे मात्र बहुतेक दोनच प्रकारचे भेटतात. एक एजंट, जो म्हणतो सगळे सोपे आहे. दुसरे शेजारी, जे म्हणतात मूल हातचे गेले समजा. आम्ही या दोघांच्या मधली माहिती एकत्र द्यायचा प्रयत्न करतो. निर्णय शेवटी आईवडिलांनी आणि मुलांनी मिळून घ्यायचा आहे.

एक सेमिस्टर म्हणजे नेमके काय

परदेशात पूर्ण डिग्री करणे वेगळे आणि एक सेमिस्टर करणे वेगळे. एका सेमिस्टरमध्ये विद्यार्थी आपल्याच कॉलेजचा राहतो. चार-सहा महिने दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात विषय शिकतो, परीक्षा देतो आणि परत येतो. तिथे मिळवलेले क्रेडिट इथल्या डिग्रीत धरले जातात. डिग्रीवर नाव इथल्याच विद्यापीठाचे असते.

याचे दोन रस्ते आहेत. पहिला एक्स्चेंजचा. आपल्या संस्थेचा आणि तिकडच्या विद्यापीठाचा करार असतो. अशा वेळी विद्यार्थी फी सहसा इथेच भरतो, तिकडे शिकवणी फी माफ असते. राहणे, खाणे, विमान, विमा हा खर्च मात्र स्वतःचा. दुसऱ्या रस्त्यात करार नसतो. विद्यार्थी स्वतः अर्ज करतो आणि तिकडची फीही भरतो. हा रस्ता महाग पडतो, आणि परत आल्यावर क्रेडिट धरले जातील याची खात्री नसते. एजंट बहुतेक वेळा हा दुसरा रस्ता विकतात. म्हणून पहिला प्रश्न एजंटला नव्हे, कॉलेजच्या प्राचार्यांना विचारावा: आपला करार आहे का, कोणत्या विद्यापीठाशी, आणि त्याची प्रत बघायला मिळेल का?

युरोपात ही पद्धत मुरलेली आहे. १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेमुळे तिथे एका देशातली मुले दुसऱ्या देशात सेमिस्टर करून येणे ही रोजची गोष्ट झाली. पुढे या योजनेची दारे युरोपबाहेरच्या विद्यापीठांनाही उघडली. करार असेल तर आपल्या मुलांनाही त्यातून शिष्यवृत्ती मिळू शकते. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिटची भाषा आली. २०२१ मध्ये यूजीसीने ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबर ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्रीचे नियम झाले. त्यात ट्विनिंगच्या विद्यार्थ्याला परदेशात जास्तीत जास्त तीस टक्के क्रेडिट घेता येतात. कागदावर दार उघडे आहे. आपल्या कॉलेजने ते किती उघडले, हे तिथेच जाऊन विचारायचे.

क्रेडिटचा हिशोब आधी, तिकीट नंतर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

युरोपात एका वर्षाला ६० क्रेडिट असतात, म्हणजे सेमिस्टरला ३०. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांची मेहनत. त्यात वर्ग, वाचन, निबंध, परीक्षेची तयारी सगळे आले. आपल्या नव्या क्रेडिट चौकटीत वर्षाला ४० क्रेडिट धरले आहेत, म्हणजे सेमिस्टरला साधारण २०. त्यामुळे तिकडचे तीन क्रेडिट म्हणजे इकडचे ढोबळमानाने दोन. हा फक्त अंदाज झाला. कोणत्या विषयाला किती क्रेडिट द्यायचे हे आपले विद्यापीठ ठरवते.

म्हणून जाण्याआधी एक कागद तयार व्हायला हवा. युरोपात त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. विद्यार्थी तिकडे कोणते विषय घेणार आणि त्याबदल्यात इकडचे कोणते विषय माफ होणार, हे त्यात लिहिलेले असते. त्यावर विद्यार्थी, इकडचे कॉलेज आणि तिकडचे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या लागतात. "सर म्हणाले होते, होऊन जाईल" यावर विमानात बसू नये. सर बदलतात, कागद राहतो. तिकडे गेल्यावर एखादा विषय बंद झाला किंवा वेळ जुळली नाही, तर बदललेला कागदही पुन्हा सही करून घ्यावा.

दुसरी अडचण कॅलेंडरची. आपले वर्ष जून-जुलैत सुरू होते आणि पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आसपास होते. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च आणि उन्हाळी एप्रिल ते सप्टेंबर असे असते. हिवाळी वर्ग फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच सुमारास होतात. म्हणजे तिकडे गेलेला विद्यार्थी इकडच्या दोन सत्रांत अडकतो. अशा विद्यार्थ्याची इकडची परीक्षा कधी आणि कशी होणार, हेही लेखी घ्यावे.

तिसरी गोष्ट गुणांची. जर्मनीत १.० हा सर्वांत चांगला गुण, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. मुलाने फोनवर सांगितले "अब्बा, १.३ मिळाले", तर पेढे वाटायचे, रागवायचे नाही. इंग्लंडमध्ये ७० च्या वर गेला की फर्स्ट क्लास. नव्वदची सवय असलेल्या आपल्या पालकांना ६५ ऐकून धक्का बसतो, पण तिथे ते चांगले गुण आहेत. हे गुण इकडे कसे बदलून घेणार, याचे सूत्र कॉलेजकडून आधीच मागून ठेवावे.

आपल्याच भागातून गेलेल्या दोघी

आपल्या गल्लीतून असे कोणी गेले होते का, असे पालक विचारतात. गेले होते, आणि तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात झाला. १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेला निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. तिथे त्यांनी आपले शाकाहारी जेवण आणि आपला पोशाख सोडला नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना मुलीसारखे घरात घेतले. शिक्षण पूर्ण झाले, पण थंडी, आहार आणि आजारपण यांनी शरीर पोखरले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्यांचे पुण्यात निधन झाले.

दुसरे नाव आपल्या समाजातले आहे, अतिया फैजी. मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातली ही मुलगी. त्यांची बहीण नाझली या जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम, म्हणजे नाते थेट आपल्या मुरूडशी. १९०६ साली अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या आणि मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला बसल्या. तिथला रोजनामचा त्या घरी पाठवत. तो लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या उर्दू नियतकालिकात छापून येई. पुढे १९२१ मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ नावाने त्याचे पुस्तक झाले. लंडनमध्ये त्यांचे भेटीगाठींचे वर्तुळ मोठे होते. तरुण इक्बाल यांच्याशी त्यांची ओळख १९०७ मध्ये तिथेच झाली. साधारण वर्षभराने अभ्यासक्रम पूर्ण न करता त्या परतल्या, पण त्यांच्या लिखाणाने घरात बसलेल्या कितीतरी वाचणाऱ्या मुलींना बाहेरचे जग दिसले.

या दोघींकडून आम्ही तीन गोष्टी घेतो. एक, परक्या मुलुखात जिव्हाळ्याचे एक तरी घर लागते. दोन, घरी नियमित लिहिण्या-बोलण्याने माणूस सावरतो आणि घरचेही शिकतात. तीन, तब्येतीकडे दुर्लक्ष झाले तर सगळी मेहनत पाण्यात जाते. आजच्या मुलांनाही हे तिन्ही नियम लागू आहेत.

वर्गात काय बदलते

आपल्या मुलांना नोट्स, गाइड आणि "इम्पॉर्टंट" प्रश्नांची सवय असते. तिकडे वेळापत्रक बघून पहिल्या आठवड्यात मुले खूश होतात, कारण आठवड्याला वर्गाचे तास कमी दिसतात. पण वरचा हिशोब आठवा. ३० क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात ७५० ते ९०० तास. वर्गात त्यातले थोडेच जातात, बाकीचे लायब्ररीत बसून स्वतः करायचे. हे ज्याला उशिरा कळते त्याची शेवटच्या महिन्यात दमछाक होते.

सेमिनारमध्ये बोलावे लागते. प्राध्यापकाला नावाने हाक मारणे किंवा "मला हे पटत नाही" म्हणणे यात तिथे बेअदबी नसते. आपल्या मुलांना, विशेषतः उर्दू आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना, इंग्रजीची भीती वाटते. आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना वर्षानुवर्षे बघतो आहोत. त्यांना विषय समजतो, तोंड उघडायला मात्र वेळ लागतो. जाण्याआधी तीन महिने रोज वीस मिनिटे इंग्रजीत मोठ्याने बोलायचा सराव केला तरी फरक पडतो. जर्मनी किंवा फ्रान्सला जाणार असाल तर वर्ग इंग्रजीत असले तरी दुकान, बस आणि घरमालक यांच्यासाठी तिथल्या भाषेचे पायाभूत शिक्षण घेऊन जावे.

नक्कल ही सर्वांत धोक्याची गोष्ट. इंटरनेटवरचा परिच्छेद स्रोत न देता उतरवणे आपल्याकडे प्रोजेक्टमध्ये चालून जाते. तिकडे तो गंभीर गुन्हा धरतात. विषयात नापास करतात, कधी चौकशीही लागते. एआयने लिहून घेतलेला निबंधही यातच येतो, जर विद्यापीठाने परवानगी दिली नसेल. आपल्या भाषेत सांगायचे तर दुसऱ्याची मेहनत स्वतःच्या नावावर खपवणे ही खियानत आहे. मुलांना हे एवढ्या साध्या शब्दांत सांगावे.

जेवण, नमाज आणि रोजे

कौसा किंवा दूधनाक्यावर वाढलेल्या मुलाने आयुष्यात कधी "हे हलाल आहे का" असे विचारलेले नसते. तिकडे पहिल्याच दिवशी विचारावे लागते. घाबरायचे कारण नाही. इंग्लंडच्या बहुतेक शहरांत हलाल दुकाने भरपूर आहेत. जर्मनीत तुर्की वस्तीमुळे किराणा आणि मटण मिळते. विद्यापीठाच्या भोजनगृहात, ज्याला जर्मनीत मेन्सा म्हणतात, पदार्थापुढे खुणा असतात. डुकराचे मांस आणि दारू वापरली असेल तर बहुतेक ठिकाणी ते लिहिलेले असते. "श्वाइन" म्हणजे डुक्कर, हा शब्द पाठ करून जावा. जेलीच्या गोळ्या, काही मिठाया आणि दह्यांत जिलेटिन असते, तेही वाचावे. शाकाहारी आणि मासळीचे जेवण हा सोपा मार्ग. वरण-भात, अंडा करी, खिमा एवढे तरी मुलाला आणि मुलीला दोघांनाही करता आले पाहिजे. मुलगा आहे म्हणून त्याला कुकर लावता येत नाही, हे आता पुरे.

किबल्याची सवयही बदलते. आपल्याकडे मावळतीकडे तोंड करून नमाज होते. युरोपातून मक्का आग्नेय दिशेला येते. वेळा तर अगदीच वेगळ्या. बर्लिनमध्ये डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. जुहर, असर आणि मगरिब तिन्ही चार तासांच्या आत येतात, तीही नेमकी वर्गाच्या वेळेत. जूनमध्ये उलटे. सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि इशा मध्यरात्रीकडे सरकते.

मोबाइलवरच्या नमाजच्या ॲपमध्ये एक सेटिंग बघून घ्यावी. आपल्यातले कोकणी लोक शाफई, तर मुंब्रा-भिवंडीत उत्तरेकडून आलेली बरीच घरे हनफी. असरची वेळ दोन्ही मसलकांत वेगळी आहे, आणि ॲपमध्ये ती निवडावी लागते. दुसरे, "परदेशात आहे म्हणजे मुसाफिर, कसर करायची" असे मुले समजतात. एका जागी हनफी मसलकाप्रमाणे पंधरा दिवस किंवा जास्त, आणि शाफई मसलकाप्रमाणे येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहायचे ठरले, की माणूस मुकीम होतो. सेमिस्टर तर पाच महिन्यांचे आहे. बाकी बारकावे आपल्या आलिमांना विचारून, लिहून घेऊन जावे.

इंग्लंडमध्ये बहुतेक विद्यापीठांत नमाजची खोली असते. जर्मनीत काही ठिकाणी सर्व धर्मीयांसाठी शांततेची खोली असते. जुम्याची वेळ वर्गाशी टक्कर घेत असेल तर सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांशी नम्रपणे बोलावे, आयत्या वेळी गायब होऊ नये. सध्या रमजान फेब्रुवारीच्या आसपास येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. म्हणजे येती काही वर्षे युरोपातले रोजे लांबीला आपल्यासारखे किंवा आपल्यापेक्षाही लहान असतील. जड जाते ते एकट्याने सहरीला उठणे. ईदला सुट्टी नसते, त्याच दिवशी परीक्षाही येऊ शकते. ही तारीख आधी बघून ठेवावी.

दोस्ती कोणाशी, कशी

पालकांची खरी भीती इथे असते आणि मुलांची खरी अडचणही इथेच. मात्र दोघांच्या डोक्यात वेगवेगळी चित्रे असतात. पालकांना वाटते मूल पार्ट्यांत हरवेल. प्रत्यक्षात पहिल्या दीड-दोन महिन्यांत बहुतेक मुले एकटेपणाने हैराण होतात. आपल्या घरांत एका खोलीत पाच जण, खाली गल्लीचा आवाज, सकाळी लोकलची गर्दी. तिकडे एकट्याची खोली आणि संध्याकाळी चारला अंधार. ज्याला आयुष्यात कधी शांतता मिळाली नाही, त्याला ती शांतता खायला उठते.

सुरुवातीच्या आठवड्यात नव्या मुलांसाठी कार्यक्रम असतात. त्यातले बरेच पबमध्ये किंवा दारूभोवती असतात. मुलाने सगळेच टाळले तर ओळखी होत नाहीत, आणि सगळ्यांत गेला तर त्याला स्वतःलाच अवघड होते. मधला रस्ता आहे. शहर फिरण्याचा कार्यक्रम, लायब्ररीची ओळख, खेळ, सहल, स्वयंपाकाची संध्याकाळ यांना आवर्जून जावे. "मी पीत नाही, पण कॉफीला येतो" हे एक वाक्य हसत म्हणता आले की पुढे कोणी फारसे विचारत नाही. गटाचे काम असेल तर "लायब्ररीत भेटू या" असे आपणच आधी सुचवावे. आधी सुचवणाऱ्याची जागा ठरते. हस्तांदोलनाचेही तसेच. ज्यांना परक्या स्त्री-पुरुषाशी हात मिळवायचा नसेल त्यांनी छातीवर हात ठेवून हसून सलाम करावा. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

आपल्या मुलांना तिकडे एकाच वेळी तीन-चार वर्तुळे मिळतात, हे त्यांचे भाग्य समजावे. पहिले मुस्लिम विद्यार्थ्यांचे. ब्रिटनमध्ये फोसिस आणि अमेरिकेत एमएसए या मुस्लिम विद्यार्थी संघटना १९६३ पासून आहेत, आणि अनेक विद्यापीठांत मुस्लिम विद्यार्थ्यांचे स्वतःचे मंडळ असते. तिथे तुर्की, बोस्नियन, अरब, आफ्रिकन मुले भेटतात. कोणी हात बांधून तर कोणी सोडून नमाज पढतो. मुंब्र्यातला मुलगा पहिल्यांदा बघतो की उम्मत म्हणजे फक्त आपली गल्ली नव्हे. दुसरे वर्तुळ मराठी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे, इतर शहरांतही मराठी मंडळी भेटतात. परक्या देशात कोणी "काय रे, कुठला तू? डोंबिवली का?" असे विचारले की धर्म-जात बाजूला राहते आणि डोळ्यांत पाणी येते. तिसरे वर्तुळ उर्दू बोलणाऱ्यांचे. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे, तिथल्या स्थानिक मुलांचे. अनेक विद्यापीठे नव्या विद्यार्थ्याला एक स्थानिक जोडीदार देतात, किंवा "तू मला जर्मन शिकव, मी तुला हिंदी शिकवतो" अशी जोडी लावून देतात. पाच महिने फक्त भारतीय मुलांबरोबर बिर्याणी करण्यात गेले तर मूल परदेशात जाऊनही कल्याणातच राहिले म्हणायचे.

चांगली एक दोस्ती किती पुढे जाते याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे वसतिगृहात त्यांच्याबरोबर राहिलेले नवल भथेना हे पारशी गृहस्थ आयुष्यभराचे मित्र झाले आणि पुढे अडचणीत पैशानेही उभे राहिले.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. रोज तीन वेळा व्हिडिओ कॉल केला तर मूल शरीराने तिकडे आणि मनाने इकडे राहते. जर्मनीची वेळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास असते. आपली रात्रीची जेवणे होतात तेव्हा त्याची दुपार असते, अभ्यासाची वेळ. दिवसाला एक छोटा मेसेज आणि आठवड्याला दोन निवांत फोन पुरेत. फोनवर "नमाज पढलास का, जेवलास का" एवढेच न विचारता "आज कोणाशी बोललास?" हेही विचारावे. त्या उत्तरावरून मूल कसे आहे ते कळते. सलग दोन-तीन आठवडे तो कोणाशीच बोलत नसेल, झोप उडाली असेल, वर्ग बुडत असतील, तर "सब्र कर" म्हणून सोडू नये. विद्यापीठात समुपदेशक असतात, बहुधा मोफत. तिथे जाणे ही कमजोरी नाही.

मुलींचा प्रश्न

मुलगा असेल तर घरात पैशाची चर्चा होते, मुलगी असेल तर परवानगीची. महरमशिवाय प्रवास आणि मुक्काम याबाबत आलिमांची मते वेगवेगळी आहेत. प्रत्येक घराने आपल्या भरवशाच्या आलिमांशी बोलून ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच की निर्णय माहितीवर व्हावा, अफवेवर नको. फक्त मुलींसाठी मजला किंवा इमारत आहे का, खोली आणि न्हाणीघर स्वतंत्र की सामायिक, विद्यापीठापासून किती मिनिटांवर, रात्री बस आहे का, त्याच सेमिस्टरला आपल्या कॉलेजची आणखी कोणी मुलगी जाते आहे का, ही उत्तरे ई-मेलवर मागवता येतात. ती समोर ठेवूनही घराने "नको" म्हटले, तर निदान मुलीला कारण कळते. न विचारताच "लोक काय म्हणतील" म्हणून नाही म्हटले, तर ते तिच्या मनात आयुष्यभर राहते. बारावीला पहिली आलेली आणि नंतर कुठेच न दिसलेली मुलगी आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे.

पैसा आणि कागद

जर्मनीच्या व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच बंद खात्यात दाखवावा लागतो. २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात. शंभर रुपयांचा युरो धरला तरी सहा लाखांच्या आसपास. विमान, विमा आणि गरम कपडे वेगळे. शिष्यवृत्ती असेल तर तिचे पत्र चालते. जाण्याआधी ताजा आकडा वकिलातीच्या संकेतस्थळावर बघावा, तो बदलत राहतो.

तिकडे पार्ट टाइम काम करून खर्च भागवू, या हिशोबावर पाठवू नये. एका सेमिस्टरमध्ये काम शोधून, भाषा शिकून, कमाई सुरू होईपर्यंत परतीची वेळ येते. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांपर्यंतचे शिक्षण व्हिजिटर व्हिसावर करता येते, पण त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. युरोपात नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचे असेल तर साधा पर्यटक व्हिसा चालत नाही, त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. "टुरिस्टवर जा, तिकडे बदलून घेऊ" असे सांगणाऱ्या एजंटच्या ऑफिसातून सरळ उठून यावे.

व्याजाचे कर्ज नको म्हणणारी घरे आपल्यात बरीच आहेत. केंद्राची पढो परदेश ही व्याज सवलतीची योजना २०२२-२३ पासून बंद झाली. ती चालू असतानाही पदव्युत्तर आणि पुढच्या शिक्षणासाठीच होती. म्हणून एका सेमिस्टरसाठी आधी एक्स्चेंजची शिष्यवृत्ती, मग तिकडच्या विद्यापीठाची मदत, मग जमातीकडून कर्ज-ए-हसना असा क्रम ठेवावा. आईचे दागिने विकून एका सेमिस्टरला पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशात पुढे पूर्ण डिग्रीचा पाया घालता येतो.

कागदांत आपल्या लोकांचा सर्वांत मोठा घोळ नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर शेख एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या. कुठे मोहम्मद पूर्ण, कुठे नुसते एमओएचडी. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. व्हिसा अधिकाऱ्याला ही वेगवेगळी माणसे वाटतात. दुरुस्तीला महिने लागतात, गॅझेटपर्यंत जावे लागते. मूल परदेशात जाणार असो वा नसो, दहावीच्या फॉर्मवर जे स्पेलिंग लिहाल तेच सगळीकडे ठेवा. हे काम आठवी-नववीतच करून टाका.

निघण्याआधी घरात बसून

एक संध्याकाळ अब्बा, अम्मी आणि मूल एकत्र बसा. वहीत लिहा: कोणते विषय, किती क्रेडिट, कोणाच्या सह्या झाल्या. महिन्याचा खर्च किती आणि तो कोण देणार. आजारी पडलास तर पहिला फोन कोणाला. तिथल्या शहरात ओळखीचे एक घर कोणते. फोन कोणत्या दिवशी, किती वाजता. कोणत्या गोष्टींत घर तुझ्यावर पूर्ण भरवसा टाकते, आणि कोणत्या गोष्टी तू विचारल्याशिवाय करणार नाहीस. भरवशाची यादी दुसऱ्या यादीपेक्षा लांब असावी.

यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर हे सेमिस्टर सोडा, पुढचे बघा. घाईत गेलेल्यापेक्षा सहा महिने थांबून गेलेला बरा. आणि सगळी उत्तरे मिळाली असतील तर उगाच अडवू नका. पाच महिन्यांनी परत येणारे मूल स्वतःचे कपडे धुणारे, वेळेवर पोहोचणारे, परक्याशी अदबीने वाद घालू शकणारे असेल, इन्शाअल्लाह. असे तरुण आपल्या मोहल्ल्याला हवेच आहेत. परत आल्यावर त्याच्याकडून एक काम मात्र जरूर करून घ्या. जवळच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांसमोर अर्धा तास त्याला बोलू द्या. आम्ही शिक्षक वर्षभर जे सांगत असतो, ते त्यांच्यातल्याच एकाच्या तोंडून ऐकले की मुलांच्या मनात लवकर उतरते.